स्वयंपाकघर दोन फुटांनी लहान करतोय

बाय,

मागीलदारी नवीन स्वयंपाकघर वाढवायचं तुझं बजेट बाबांनी दुकानात प्रिंट करून आणलं आणि दोघांनी नीट बसून वाचलं. मांडणी छान केलीयस, पण तू मेस्त्रीचा रेट घेतलास अडीच हजार, त्याला बारा बाय दहाच्या एकशेवीस फुटांनी गुणलंस, तीन लाख आले, आणि पुढे लिहिलंस "प्लस फर्निचर". एवढ्यावर घर वाढत नाही गं. तो रेट पाया, चिऱ्याची भिंत, स्लॅब आणि गिलाव्याचा. त्याला विचारलं की यात नळ धरलाय का, वायरिंग धरलंय का, तर म्हणतो ते वेगळं, जुनी भिंत फोडायची तेही वेगळं. स्वयंपाकघर म्हणजे घरातली सगळ्यात महाग खोली, बेडरूमला चार भिंती आणि एक पंखा पुरतो, इथे पाणी, सांडपाणी, गॅस, लाइट सगळं एकाच जागी येतं.

आणि छपराचं तर तू धरलंच नाहीस. मागची पाख तशीच पुढे ओढून कौलं घालू असं तुला वाटतंय, पण पावळी, म्हणजे छपराची खालची कड, आत्ताच साडेआठ फुटांवर आहे, कौलांना जो उतार लागतो तो धरून अजून दहा फूट पुढे गेलं तर छप्पर जवळजवळ पाच फूट खाली येतं, म्हणजे शेवटच्या भिंतीजवळ मला ओणव्याने भांडी घासावी लागतील! म्हणून नवीन भागावर सपाट स्लॅब, जुन्या पावळीच्या खाली. आता जुन्या छपराचं सगळं पाणी त्या स्लॅबवर पडणार, आणि आपल्या डिचोलीचा पाऊस तुला माहितीय. तेव्हा पन्हळ, वॉटरप्रूफिंग आणि वर पत्रा, याचे पंचेचाळीस हजार वेगळे काढले. बाबा म्हणत होते पत्रा पुढच्या वर्षी घालू, मी ठाम नाही म्हटलं, गळती लागली की आधी स्लॅबचं प्लास्टर जातं, मग आतली सळई गंजते.

जुनी भिंत मातीत बांधलेली चिऱ्यांची, नवीन काम सिमेंटचं. नवा पाया थोडा बसतोच, जुना कधीच बसून गेलाय, त्यामुळे दोन्ही घट्ट जोडले की जोडावर तडा ठरलेला आणि पाणी तिथूनच आत येणार. आपला मेस्त्री जुना माणूस आहे, तोच म्हणाला मध्ये फट ठेवून ती सीलंटने भरू आणि वरून पत्र्याची पट्टी मारू. दरवाजासाठी भिंत फोडायच्या आधी वरच्या वाशांना टेकू देऊन लिंटल, म्हणजे दरवाजावरची आडवी तुळई, टाकायचं, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलंय.

कागदपत्रांचे पंचवीस हजार धरलेत. तू म्हणालीस मागीलदारी कोण बघतंय, पण फॉर्म एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, मुंबईच्या काकांचं नाव अजून आहे, त्यांची एनओसी लागणार, मग प्लॅन काढून पंचायतीचं लायसन्स, बांधापासून किती जागा सोडायची तेही प्लॅनवाला बघेल. काकांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले, पण सही होईपर्यंत मी चिऱ्याचा एक ट्रकसुद्धा मागवणार नाही. अर्धं बांधून झाल्यावर कुणी तक्रार केली आणि काम थांबलं तर मजुरी बुडते, सिमेंट दगड होतं.

सिमेंटवरून आठवलं. बाबा खूश होते की २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मी हिशोब केला तर पोत्यामागे तीसेक रुपये सुटतात, आपल्याला साठ-सत्तर पोती लागतील, म्हणजे दोनेक हजार. ते रेतीच खाऊन टाकते. नदीतल्या बेकायदा रेतीवर हायकोर्टाने बडगा उगारल्यापासून साधी रेती शोधायची आणि वर दामदुप्पट द्यायची. गिलाव्याला तेवढी नदीची घेऊ, बाकी एम सँड, दगड फोडून करतात ती.

आता ते मॉड्यूलर किचन. फोटो सुंदर आहेत, पण मधोमध ओटा ठेवून त्याच्याभोवती स्टूल, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, चवथीला इथे सात बायका एकदम कामाला लागतात, त्या काय स्टुलावर बसून नारळ खोवणार? आणि एमडीएफ, ते भुशाचं बोर्ड, तर मुळीच नको, जुलै आला की ते भिजलेल्या पावासारखं फुगतं. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची दारं, वरची कपाटं आत्ता नाहीतच. प्लाय कुठे लागलंच तर बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्यातही न सुटणारं, आयएस ७१० चा शिक्का बघूनच. मला त्यापेक्षा कोठी हवीय, मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलं की सोलं, मिरच्या, कांदे, सुकं ठेवायला नीट जागा नाही, सगळं माडीवर चढवावं लागतं आणि गुडघे आता तुला ठाऊक आहेत.

वायरिंगला मात्र हात आखडणार नाही. ओव्हनला आणि गिझरला वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर, सोळा अँपिअरचे पॉइंट, वर आरसीसीबी, म्हणजे कुणाला शॉक बसला तर लाइन तोडणारा स्विच. टाइल एकदा चिकटली की नवीन पॉइंटसाठी ती फोडावी लागते, कपाट काय दोन वर्षांनी पण येतं. नळ आणि वायरिंग मिळून पंचावन्न हजार, ओटा-सिंक-टाइल सत्तर हजार. ओटा माझ्या कोपरापासून चार बोटं खाली घेतेय, तुझ्या उंचीचा नाही, रागावू नकोस.

तुझ्या मापाने नि तुझ्या फर्निचरने, त्याचे नव्वद हजार धरून, सगळं ५ लाख ८५ हजार होतं, दहा टक्के अचानक खर्चाचे घातले की ६ लाख ४३ हजार. आपल्याकडे एफडीचे चार लाख आणि गोवा सरकार गृहिणींना देतं त्या गृहआधारचे माझे साठवलेले साठ हजार. म्हणून तू तीन लाखांचं पर्सनल लोन काढते म्हणतेस. १२ टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिना ६,६७३ आणि शेवटी चार लाख भरायचे, जवळजवळ एक लाख नुसतं व्याज, आणि तेही तू पुण्यात भाडं भरतेस त्यावर. नाही.

त्याऐवजी बाराचे दहा फूट केले, पन्नास हजार वाचले. कपाटं नव्वदवरून पस्तीसवर आणली, पंचावन्न वाचले. राहिले ४ लाख ८०, दहा टक्के धरून ५ लाख २८. कमी पडतात अडुसष्ट हजार, ते तुझ्याकडून घेईन, आनंदाने घेईन, पण एकदम नको. दिवाळीनंतर पाया, जानेवारीत स्लॅब, मार्चपर्यंत गिलावा असं ठरलंय आणि मेस्त्रीला पैसे टप्प्याटप्प्यानेच द्यायचे, शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडून जोड कोरडा राहिला की. हे त्याला आवडलेलं नाही पण कबूल केलंय. तेव्हा वीस हजार डिसेंबरात, बाकीचे स्लॅबला पाठव.

आणि चिमणीचा डक्ट कुठल्या भिंतीतून काढायचा ते त्या दुकानवाल्याला विचारून फोटोवर खूण करून पाठव, भोक गिलाव्याच्या आधी ठेवायचंय. बाबा म्हणतात पश्चिमेला काढा, पण पाऊस तिकडूनच मारतो.

आई