आई-बाबा, गाडी घेतली आहे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मी स्कूटर घेतली आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवलेली, वाईत मंडईजवळ घड्याळं दुरुस्त करणारे काका चालवायचे तशी. शिकून झालं, लायसन्स हातात आलं आणि ऑफिसला मी आता तिच्यावरच जाते.

सगळं पार पडल्यावर सांगते आहे. आधी सांगितलं असतं तर आई, तू रोज सकाळी देवापाशी बसून राहिली असतीस, आणि बाबा, तुम्ही पहिल्या एसटीने स्वारगेटला उतरून मैदानाच्या कडेला उन्हात उभे राहिला असतात. तुमच्या बीपीला ते झेपलं नसतं आणि माझं लक्ष हँडलवर राहिलं नसतं. दादाला माहीत होतं. त्याला रागावू नका, त्याला मीच शपथ घातली होती. फोनवरही मुद्दामच बोलले नाही. फोनवर बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आई रडायला लागते आणि बोलायचं सगळं राहून जातं. बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही न गाळता.

आधी पायाचं सांगते. गेली दोनेक वर्षं माझा डावा पाय, म्हणजे आपला चांगला पाय, संध्याकाळपर्यंत अगदी गळून जायला लागला होता. कुबडीने खांद्यातही कळ यायची. डॉक्टरांनी नीट तपासून समजावलं. पोलिओ परत आलेला नाही, हे आधी ऐका. लहानपणी ज्या नसा वाचल्या, त्यांनी गेलेल्या नसांच्या वाटचे स्नायूही सांभाळायला घेतले. इतकी वर्षं जादा काम केल्यावर त्या आता थकायला लागल्यात. पोस्ट-पोलिओ म्हणतात त्याला, आणि माझ्या वयाच्या पुष्कळ जणांना तो होतो. त्यावर गोळी नाही, स्नायू जपून वापरायचे एवढंच. बाबा, तुम्ही मला घाटावर रोज चालवत न्यायचात, "चाल, बळ येईल" म्हणायचात. ते बरोबरच होतं, त्यामुळेच मी कॉलेजापर्यंत स्वतःच्या पायांनी गेले. आता डॉक्टर म्हणतात, जे चालणं आहे ते घरात आणि ऑफिसात वापरा, रस्त्यावर खर्चू नका. म्हणून गाडी.

आई, इथे तू बाबांना थांबवणार आणि त्या तापातल्या इंजेक्शनानेच माझा पाय गेला, हे काढणार, मला ठाऊक आहे. नको काढूस. पोरगी तापाने फणफणलेली असताना डॉक्टरांचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं? मी 1980 ची. पोलिओची लस सरकारी कार्यक्रमात तेव्हा नुकती आली होती, तीही मुख्यतः शहरांतून. आपल्या गावात ती मिळतच नव्हती, तर तू मला कुठून देणार होतीस? 1995 ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा आळीतलं एकेक पोर कडेवर घेऊन तू बूथवर नेलंस, ज्यांच्या आया तयार नव्हत्या त्यांच्या दारात जाऊन बसलीस. मी दहावीत होते, तुझ्यामागून बाळांची नावं लिहून घेत हिंडायचे. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या बातमीचं कात्रण तू देवघरातल्या पोथीत ठेवलं आहेस. मी पाहिलंय ते. त्यामुळे या विषयावर तू माझ्याकडे आता रडायचं नाहीस.

बाबा म्हणतील, मेट्रो आहे की. आहे, आणि चांगली आहे, लिफ्टही आहे. पण घरापासून स्टेशन आणि उतरल्यावर ऑफिस, हे दोन तुकडे माझे मलाच चालावे लागतात, आणि नेमके तेच मला नडतात. जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाले मान फिरवतात. बसची पहिली पायरी उंच, कॅलिपरचा, म्हणजे आधाराची पट्टी बांधलेला, पाय वर घेईपर्यंत मागची माणसं ढकलतात. पावसात कुबडी टेकवून रिक्षाला हात करत उभं राहणं मला फार जड जायला लागलं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी सोडायच्या, आनंदाने सोडायच्या, पण त्यांनाही घरी मुलं आहेत. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं, हे मला आता नको होतं. चारचाकीचाही विचार केला. हाताने ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर चालवायची सोय करून मिळते, पण पैसे किती तरी जास्त आणि टिळक रोडला ती लावायची कुठे? आणि हो, कर्ज काढलेलं नाही, तुम्ही माझ्या नावाने ठेवलेल्या एफडीला हात लावलेला नाही. माझी आरडी पूर्ण झाली होती, त्यातून घेतली.

बाबा, आता तुमच्यासाठी. मी बारावीत असताना तुमची चेतक शिकायचा हट्ट धरला होता आणि तुम्ही "नाही" म्हणालात. मग रात्री अंगणात एकटेच बसलात, जेवलाही नाहीत. तेव्हापासून तुमच्या मनात काहीतरी राहून गेलंय, असं मला नेहमी वाटत आलंय. तुमचं बरोबर होतं. चेतकची किक उजव्या पायाने मारायची आणि मागचा ब्रेकही उजव्या पायाखाली. माझा पोलिओचा पाय नेमका तोच. त्या गाडीवर मला बसवणं धोक्याचंच होतं. आताच्या स्कूटरला किकची गरज नाही, बटण दाबलं की सुरू होते. गिअर नाहीत, क्लच नाही. दोन्ही ब्रेक हातात, डावीकडचा दाबला तर पुढचं-मागचं दोन्ही चाकं मिळून धरली जातात. पायाने करायचं असं काही उरलेलंच नाही. तुमचा तेव्हाचा "नाही" त्या गाडीपुरता होता, असंच मी धरून चालले आहे. तुम्हीही तसंच धरा.

निवडताना मी फार चौकशी केली. अ‍ॅक्टिव्हा घेतली, 110 सीसीची. वजन साधारण 106 किलो आणि सीट जमिनीपासून 765 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बसल्यावर माझा डावा पाय पूर्ण टेकतो. 125 ची मोह घालत होती, पण मला तो जोर लागणार नाही. बॅटरीवरची पाहिली, पण आमच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही. पाय ठेवायची जागा सपाट आणि ऐसपैस हवी होती, कारण गुडघ्याचं लॉक सोडलं तरी कॅलिपर अवघडून ठेवता येत नाही. दुकानात मी लॉक लावून, सोडून, पुन्हा लावून बसून पाहिलं. दुकानातला मुलगा कंटाळला नाही, त्याचं मला कौतुक वाटलं.

चाकं बसवणारे मिस्त्री स्वतः पोलिओचे आहेत, वीसेक वर्षं अशीच गाडी चालवतात. त्यांनी चाकांना स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेलं, एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असलेलंच किट घ्यायला लावलं. बाजूची चाकं घट्ट आणि खाली बसवली तर खड्ड्यात गाडीचं मागचं चाक अधांतरी राहतं, मग ते नुसतं फिरतं आणि ब्रेकही लागत नाही. हे त्यांनी मला जमिनीवर विटा ठेवून दाखवलं. मला पायाने गाडी मागे ढकलता येत नाही म्हणून रिव्हर्सची सोय करून घेतली. डाव्या ब्रेकला लॉकची क्लिप आहे, चढावर लावता येते. कुबडीसाठी मागे बाजूला पकड बसवली आहे. बदलाची आरटीओत नोंद करून आरसीवर घेतली, विमा कंपनीलाही कळवलं. कागदाचं काही कच्चं ठेवलेलं नाही बाबा, मी तुमचीच मुलगी आहे.

शिकवलंही त्यांनीच, सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानावर, पहाटे. सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? दादाच्या मागे बसून वळणावर गाडीबरोबर कलायची सवय अंगात होती, आणि ही गाडी कलतच नाही. वळणाआधीच वेग उतरवायचा, हँडल वळवायचं आणि अंग आतल्या बाजूला टाकायचं. जोरात वळलं तर आतलं चाक उचलतं. रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे हँडल सारखं डावीकडे ओढतं. सुरुवातीला खांदे भरून यायचे, मग लक्षात आलं की हँडल आवळून धरायचं नसतं. स्पीडब्रेकरवर सरळ चढायचं, तिरकं कधी नाही. साध्या स्कूटरला खड्डा चुकवता येतो, हिची चाकं तीन रेषांत धावतात, एक चुकवावा तर दुसरं चाक त्यात. म्हणून मी खड्डा लांबूनच बघते आणि हळू होते. बाजूची चाकं हँडलपेक्षाही बाहेर असतात, तेव्हा दोन गाड्यांच्या मधून घुसायचं नाव नाही. सरांनी (मी त्यांना सरच म्हणते) रस्त्यावर जाऊ दिलं ते आठ आकडा न थांबता यायला लागल्यावरच. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. मी तीस दिवसांवर थांबले नाही, मनाची खात्री पटल्यावरच गेले. डॉक्टरांचा दाखला, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, सगळं होतं. परीक्षेला तुमचं जुनं पेन खिशात ठेवलं होतं, दहावीला दिलेलं.

रस्ता सांगते म्हणजे तुम्हाला डोळ्यांसमोर येईल. कर्वे रस्त्याने मी जात नाही. कर्वे पुतळ्यापासून आतल्या रस्त्यांनी डी. पी. रोड, तिथून म्हात्रे पूल आणि नवी पेठेतून टिळक रोड. लग्नसराईत डी. पी. रोडवरच्या लॉन्सपाशी संध्याकाळी वरात असते, तेव्हा मी ऑफिसातच चहा घेऊन थोडी उशिरा निघते. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवत नाही. जोराचा पाऊस असला तर गाडी घरीच राहते. हायवेला नेणार नाही, खंबाटकी नाही आणि पसरणीच्या घाटाचं तर मनातही आणू नका. वाईला मी एसटीनेच येणार.

माझं बाकी सगळं उत्तम आहे. डबा मी घरूनच नेते. आई, तुझं मेतकूट अजून आहे, रात्री गुरगुट्या भातावर रोज घेते. पहिल्यासारखी घरी येऊन आडवी होत नाही, वरण-भाताचा कुकर लावून गॅलरीत बसते. आता भाजी मी स्वतः निवडून आणते, गाडी थेट भाजीवालीच्या पाटीपाशी थांबते. पायाला सूज कमी आहे. गाडीची पूजा केली, वॉचमनकाकांनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. तू असतीस तर हार तू घातला असतास. तो मान तुझ्यासाठी राखून ठेवलाय, दसऱ्याला या. चढून बसायला त्रास होणार नाही, मी तुला नीट धरून बसवेन आणि सोसायटीच्या आवारात सावकाश एक चक्कर मारेन. लहानपणी रात्री पाय दुखला की तू कोमट तेल लावून मांडीवर घ्यायचीस, मी झोपले तरी हात थांबायचा नाही. मला आता त्या पायाचं काही वाईट वाटत नाही आई. खरंच नाही.

आता माझं ऐका, दोघांनीही.

आई, न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा, या महिन्यात. दादा प्लंबर पाठवेल, त्याला "नंतर ये" म्हणायचं नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

बाबा, संध्याकाळनंतर एम-एटी गाडी बाहेर काढायची नाही. समोरच्या गाडीचा दिवा पसरून दिसतो, असं तुम्हीच वहिनीला म्हणालात, मला कळलंय. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पूर्वीची पद्धत आता राहिलेली नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून तारीख घ्या. तारीख ठरली की आधी मला सांगा, मी रजा टाकते. तुमच्या लायसन्सवरची तारीखही बघा. 55 नंतर ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. मी माझी तपासणी करून घेतली, तुम्हीही डोळ्यांच्या ऑपरेशननंतर करून घ्या. तोवर बाजारात चालत जा, किंवा दादाला सांगा. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, जेवणानंतर आठवली म्हणून तेव्हा नाही.

पत्र मिळालं की फोन करा. सकाळी नऊ ते दहामध्ये करू नका, तेव्हा मी गाडीवर असते आणि फोन पर्समध्ये बंद असतो. उचलला नाही म्हणून घाबरू नका. ऑफिसात पोचले की मीच फोन करते, बाबा, तुम्ही उचला आणि आईकडे द्यायच्या आधी माझ्याशी बोला.

तुमची,
बेबी