मागच्या वर्षीची पँट

कराड
रविवार, सकाळ

प्रिय दिगू,

परवा फोनवर तू विचारलंस, आमच्या चिनूला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार आहे, हे कळायला एवढे दिवस का लागले म्हणून. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. आणि फोन ठेवता ठेवता तुझ्या सायलीचं पोट दुखतंय म्हणालास ना, ते मला रात्री आठवत राहिलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे वाच, मग पुढचं. शाळकरी पोरांचं पोट बहुतेक वेळा दुखतं ते शौचाला खडा होतो म्हणून, नाहीतर गणिताच्या पेपरामुळे. लगेच आतड्यात दुर्बीण घालून पाहण्यापर्यंत धावू नकोस.

आमचे पंधरा महिने गेले. जंताचं औषध दोनदा, आमांशाच्या गोळ्या तीनदा. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. एक डॉक्टर म्हणाले, शाळा चुकवायचं नाटक आहे. ते मला पटलं आणि मी पोराला ओरडलो. ते अजून खुपतं. शौचातून रक्त कधी पडलं नव्हतं, त्यामुळे आपण निर्धास्त. क्रोन्स लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर शौचात रक्त दिसेलच असं नाही, हे कुणाला माहीत! मोठ्या आतड्याचा जो कोलायटिस असतो, त्यात रक्त लवकर दिसतं आणि माणूस लवकर हलतो.

जूनमध्ये गणवेश काढला तर मागच्या वर्षीची पँट लांबीला अगदी बरोबर, कमरेला मात्र सैल. शुभा म्हणाली, "चला, या वर्षीचा खर्च वाचला." दोघंही हसलो.

पुण्याला पोरांच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी जुनी वजन-उंची मागितली. शुभाने शाळेच्या तपासणीचं कार्ड आणलं होतं, नशीब. बाईंनी आलेखाच्या कागदावर पेनाने ठिपके दिले. नववं वर्ष, दहावं वर्ष, रेघ चढत गेलेली. आणि पुढे आडवीच. पंधरा महिन्यांत दीड सेंटिमीटर. "या वयात वर्षाला पाचेक तरी वाढायला हवा," एवढंच म्हणाल्या. कधी कधी पोराची वाढ खुंटणं हेच या आजाराचं पहिलं लक्षण असतं, पोट नंतर बोलतं. मला ती पँट आठवली.

मग चिनूला पडद्याआड नेऊन त्यांनी गुदद्वाराजवळ पाहिलं. तिथे चीर आणि फुगीर कातडीची गाठ. पंधरा महिन्यांत एकाही डॉक्टरने चड्डी खाली करायला सांगितली नव्हती, आणि अकरा वर्षांचं पोर लाजेने आपणहून कशाला सांगेल?

रक्तात हिमोग्लोबिन कमी, 8.4, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट वाढलेल्या, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. आतड्याला सूज असेल तर तिथे पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. रिपोर्टवर 50 पर्यंत ठीक असं छापलेलं. आमचा आकडा 1,140. पण जंतुसंसर्गातही तो वाढतो, त्यामुळे तेवढ्यावर शिक्का मारत नाहीत. एमआरआय झाला, तोंडातून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण झाली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी पिताना पोरगं रडकुंडीला आलं. मी बरोबरीने ग्लास घेऊन बसलो, दोन घोटांत हरलो. भूल दिल्यामुळे प्रत्यक्ष दुर्बिणीचं त्याला काही कळलं नाही. जिथे आतडं चांगलं दिसलं तिथलेही तुकडे घेतले, कारण डोळ्याला दिसत नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.

तरी घोडं अडलंच. आपल्याकडे आतड्याचा टीबीही नेमक्या त्याच जागी बसतो, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. व्रण सारखेच, ताप सारखाच, तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बारीक गाठीसुद्धा सारख्याच. टीबीतल्या बऱ्याचदा मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या असतात, हा एक फरक, पण तोही दर वेळी सापडत नाही. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर आजार भडकतो. म्हणून काहींना आधी टीबीची औषधं देऊन दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात, व्रण भरले का ते. आमचं त्यावाचून निभावलं. जंतू कुठेच सापडला नाही, छाती स्वच्छ, व्रण उभे लांबट, मधलं आतडं चांगलं सोडून पुढे पुन्हा व्रण, शिवाय ती खालची गाठ. सगळं एकत्र मांडून बाई म्हणाल्या, क्रोन्स. कुठलीच एक तपासणी होय-नाही सांगत नाही रे, हेच मला पचायला जड गेलं.

उपचार म्हणून पहिले आठ आठवडे नुसतं डब्यातल्या पावडरीचं पातळ अन्न, दुसरं काही नाही. गणपतीत मोदक समोर असताना पोराने तोंड फिरवलं. ते परत कधीतरी सांगेन.

आता सायलीचं. रात्री दुखण्याने झोपेतून उठते का? रात्री उठून शौचाला जावं लागतं का? तोंड वारंवार येतं? कणकण? घरात कुणाला असा आजार? आणि दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन देत असशील तर थांबव. त्याने आतड्याला त्रास होतो, शिवाय तपासणीचा आकडाही फसवा येतो. शाळेच्या कार्डावरच्या तीन वर्षांच्या वजन-उंचीचा फोटो काढून पाठव. मी आता ठिपके द्यायला शिकलोय, पण माझ्यावर विसंबू नकोस, कार्ड घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा.

वहिनींना नमस्कार. आज दुपारी चिनूच्या पँटची शिवण उसवून खालची दुमड सोडायला शिंप्याकडे जायचंय, तेव्हा फोन केलास तर तिथेच उचलेन.

तुझा,
बंड्या