न घेतलेली नोंद

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सगळे बोलले, मला मात्र शब्द फुटला नाही. तेव्हाचे आभार आज मानते आहे, आणि मुद्दाम चारचौघांत. नदीच्या पातळीचा पट्टीवरचा आकडा वाचणाऱ्या माणसाचं काम फार थोड्यांना ठाऊक असतं.

माझा पहिला पावसाळा तुम्हाला आठवत असेल. रात्रपाळी, नदी चढलेली, दर तासाला पातळी घ्यायची. दोनची नोंद घेतली आणि माझा डोळा लागला. जाग आली ती चारला. दोन्ही वेळी पाणी जवळपास सारखंच होतं, म्हणून तीनच्या रकान्यात मी तोच आकडा भरला.

सकाळी तुम्ही वही पाहिलीत आणि काही न बोलता मला मापनपट्टीशी नेलंत. खांबाला काटक्या, फेस आणि गाळाची ओली रेघ चिकटली होती, माझ्या आकड्यांपेक्षा चांगली ४० सेंटिमीटर वर. आपली नदी लहान, झटकन चढणारी आणि तशीच उतरणारी. पुराचा माथा माझ्या झोपेत येऊन गेला होता.

तुम्ही रागावला नाहीत. माझ्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारलीत, खालचं वाचता येईल अशी. सही केलीत आणि शेऱ्यात लिहिलंत, ‘नोंद घेतली नाही. कमाल पातळी पूरखुणेवरून.’ मग म्हणालात, “रकाना कोरा असला तर पुढच्याला कळतं की इथं माहिती नाही. मनानं भरलेला आकडा तो खराच धरून चालतो.”

त्याचा अर्थ विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला नदीतून किती पाणी वाहतं ते, मोजायला लागल्यावर उमगला. पातळी केव्हाही वाचता येते, विसर्गाचं तसं नाही. पात्राचे उभे भाग पाडायचे, प्रत्येकाची खोली घ्यायची, करंट मीटर, म्हणजे प्रवाहानं फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र, पाण्यात सोडून वेग मोजायचा: उथळ पाण्यात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ पटीवर घेऊन सरासरी. पात्यांच्या फेऱ्यांची हेडफोनमधली टकटक मोजताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. पात्याला गवत अडकलं की ताल कसा बिघडतो, तेही मला ऐकवलंत. अशा कित्येक मापनांतून पातळी-विसर्गाचा वक्र, म्हणजे कोणत्या पातळीला किती विसर्ग याचा आलेख, बसतो, मग नुसत्या पातळीवरून विसर्ग काढता येतो. पण पूर नदीचा तळच हलवतो, आणि वक्र पुन्हा तपासावा लागतो. एवढी मेहनत ज्या पातळीवर उभी, तीच खोटी असली तर? माझ्या त्या आकड्यानं त्या वर्षीचा पूर ४० सेंटिमीटर बुटका झाला असता, आणि पुलाची उंची ठरवणारा त्यावर विसंबला असता.

आता पुलाखाली रडार आहे, दर पंधरा मिनिटांनी आपोआप पातळी पाठवतं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिचा आकडा एकदम उसळला. बॅटरी घेऊन पट्टीशी गेले. रडारच्या बरोबर खाली ओंडका अडकला होता, पाणी होतं तिथंच. सोबतच्या नव्या मुलानं विचारलं, “ताई, वहीतला रडारचा आकडा खोडून टाकू?”

मी त्याला एकच आडवी रेघ मारायला सांगितली, खालचं वाचता येईल अशी.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
एक जलमापक