कूलंट भरलं, पण हवेचं काय?

संपादक महोदय,

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलण्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सगळं ठीक, पण तो 'नवं कूलंट भरा' इथेच थांबला. खरं काम तिथूनच सुरू होतं! आयुष्य बॉनेटखाली गेलं, म्हणून लिहितो.

रेडिएटर काठोकाठ दिसला तरी इंजिनाच्या वरच्या भागात, हीटरच्या नळ्यांत हवा अडकलेली असू शकते. तापमानाचा सेन्सर त्या हवेत सापडला, तर इंजिन तापूनही काटा गप्प बसतो. इंजिन गरम आणि हीटरचा वारा गार, म्हणजे बहुधा हवा राहिलीच.

ही हवा काढायला इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढावं, गाडीचं नाक चढावर ठेवावं, हीटर पूर्ण गरमवर करावा. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर सोडायचा स्क्रू, असेल तर भरताना तो सैल ठेवावा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळावा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. तोवर पातळी पुरेशी वाटते, मग एकदम खाली जाते. घाईचे लोक इथेच फसतात. म्हणून रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवावं आणि पूर्ण गार झाल्यावर पुन्हा पातळी बघावी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कितीही अनुभवी माणसाने उघडू नये. हे तरी लेखात हवं होतं.

– एक निवृत्त मेकॅनिक