काका, तुमच्या आडव्या पायाचे आभार

काका, नमस्कार.

पडवीतून खळ्यात उतरताना आजोबांचे पाय उंबरठ्यापाशी चिकटले, तेव्हा तुम्ही मृदुंग खाली ठेवलात. हात धरून ओढलं नाहीत, "चला, चला" म्हणाला नाहीत. शेजारी उभं राहून या पायावरून त्या पायावर दोनदा भार टाकून दाखवलात आणि स्वतःचं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलंत. त्यांनी ते ओलांडलं. पुढची पावलं आपसूक पडली. एरवी कुणी आड पाय घातला की माणूस पडतो.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की चाल आपोआप चालवणारा मेंदूतला ठेका बिघडतो. बाहेरून ठेका मिळाला, किंवा ओलांडायला समोर रेघ दिसली, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकतो. म्हणून तर दारात आणि वळणावर अडणारा माणूस पायऱ्या चढून जातो. हे ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनी आधी काय दिलं? व्यायामाच्या चित्रांचा एक झेरॉक्स कागद आणि "वय झालं आता". वर घरच्यांना काखेत हात घालून खेचायला शिकवलं! खेचलं की धड पुढे जातं, पाय तिथेच राहतात.

कंपवाताच्या मंडळींना नाचवताना तुम्ही जाखडी, आपला मृदुंगावरचा कोकणी रिंगणनाच, जशीच्या तशी आणली नाहीत, हे विशेष. गिरकी काढलीत, कारण जागच्या जागी वळताना या मंडळींचे पाय एकमेकांत अडकतात. रिंगण इतकं मोठं आखलंत, की वळतोय हे जाणवूच नये. आधी प्रत्येकाची मिनिटभराची पावलं मोजलीत; कुणाची ८८, कुणाची १००. ठेका धरलात ९० चा. लय चढली की यांची पावलं आखूड होतात आणि माणूस पळत सुटल्यासारखा पुढे झुकतो. जाखडीत लय चढवण्यातच मृदुंगवाल्याचा मान, आणि तुम्ही तासभर हात आवरून वाजवत राहिलात. असा माणूस पैसे मोजून मिळत नाही.

वेळही तुम्हीच विचारलीत: लेव्होडोपाची, म्हणजे डोपामिन भरून काढणारी, गोळी घेतल्यावर साधारण तासाने, गोळी लागू असताना. आधी १० मिनिटं खुर्चीत बसून टाच-चवडा, मग खुर्चीची पाठ धरून उभ्याने, शेवटी रिंगण. बसल्याचं उठलं की रक्तदाब उतरून भोवळ येते, म्हणून मिनिटभर थांबायचं. खळं ताजं सारवलेलं असलं तर पडवीतच. ब्रुकलिनला मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत २००१ पासून कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालतात. तिथे कुणी मृदुंग वाजवत असेल असं वाटत नाही, बिचारे.

यानं आजार जात नाही, गोळ्या चालूच राहणार. पण रिंगणात हात सुटे हलतात आणि पावलं लांब पडतात, एवढं सगळ्या घरांनी पाहिलं.

गौरी-गणपतीत तुम्ही वाडीवाडीतून फिरणार, तेव्हा इथे येणं जमणार नाही. तेवढ्यासाठी ९० च्या लयीत अर्धा तास मृदुंग मोबाइलवर भरून द्या. गाणं नको, नुसता ठेका. शब्द आले की लक्ष पावलांवरून उडतं.

तुमची,
रिंगणातल्या मंडळींच्या घरची माणसं