पेल्याचा घेर

पुणे,
रविवार

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

नव्या घरासाठी भांडी दिसायला देखणी घ्यावीत की वापरायला सोयीची, असे तू विचारले आहेस. उत्तर देण्याआधी माझी एक फजिती सांगतो. परवा जेवताना पुतणीने स्टीलचा पेला पुढे करून विचारले, "काका, याची उंची जास्त की काठाचा घेर?" मी बेधडक उंची म्हणून मोकळा झालो. तिने काठाभोवती सुतळी गुंडाळली आणि तेवढीच सुतळी पेल्याशेजारी उभी धरली, तर ती पेल्याच्या दुप्पट भरली! उंची 11 सेंटिमीटर, व्यास 7. म्हणजे शाळेत घोकलेल्या 22/7 च्या हिशेबाने घेर 22.

काठाकडे तिरके पाहताना आपल्याला वर्तुळ न दिसता चपटी लंबवर्तुळाकृती दिसते, त्यामुळे डोळा घेर मोजतच नाही, रुंदीवरच भागवतो; शिवाय सारख्याच लांबीच्या दोन रेषांपैकी उभी रेषा आपल्याला आडवीपेक्षा लांब भासते. पसरट भांड्यातले पाणी उंच नळकांड्यात ओतले की ते वाढले असे लहान मुले म्हणतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवले होते. आपण मोठे होऊन फार सुधारलो, असे काही मला वाटत नाही.

चांगला कारागीर मात्र डोळ्याची ही खोड ओळखून असतो. रोमन लिपीतला ओ हा एचइतकाच उंच काढला तर खुजा दिसतो, म्हणून अक्षरे घडवणारे तो वरखाली किंचित जास्त काढतात. पट्टीने मोजले तर चूक, पण वाचताना बिनचूक.

आणि आपला तांब्या! चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने 1958 साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचे मनापासून कौतुक केले आहे. तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कुठे राहतो, त्यातून पाणी कसे ओतले जाते, इतकेच काय, वाजवल्यावर तो कसा वाजतो, इथपर्यंतचे प्रश्न त्यांनी मांडले, आणि तो कुणा एकाने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवला, असे म्हटले. आमच्या तांब्याचा गळा मी तळहाताने झाकून पाहिला, तर मघाशी भरदार वाटणारे पोट मला एकदम साधे वाटू लागले. तोच निमुळता गळा बोटांना पकडही देतो. इथल्या तांबट आळीत मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेली भांडी मिळतात. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, आणि त्याच ठोक्यांच्या खळग्यांवर उजेड असा विखुरतो की लहानसहान पोचे नजरेस येत नाहीत.

तेव्हा देखणे आणि सोयीचे अशी वाटणी तू करूच नकोस. तांब्या मठारलेला घे, आणि दुकानात तो पाण्याने भरून, उचलून, ओतून पाहा, दुकानदार कितीही हसला तरी.

तांब्याच्या पोटाचा घेर किती, असे पुतणी आता विचारते आहे. या खेपेस मी आधी सुतळी मागितली आहे.

तुझा,
मधू