तू म्हातारी नाही झालीस गं सुमे

सातारा,
रविवार दुपार

सुमे,

काल फोनवर तुझा बसलेला आवाज ऐकला, वर "मी म्हातारी झाले गं" म्हणालीस, ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. दिवाळीपासून ही तिसरी सर्दी, आमराईत चार राउंड मारले की मांड्या भरून येतात, दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, आणि तू गेलीस कुणाकडे तर मेडिकलवाल्याकडे. शाब्बास.

माझं गेल्या पावसाळ्यातलं ऐक. हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलेलं, 21 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. पहाटे साडेचारला उठायचं, पळून आलं की डबे, मग बँक, रात्री ओटा आवरेपर्यंत साडेअकरा. पाच तास झोप, आणि त्याचा मला माज होता बघ, चारचौघीत सांगायचे. जून ते ऑगस्ट चार वेळा आडवी झाले. सगळे म्हणाले पावसात पळतेस म्हणून. साताऱ्यात दोष द्यायला पाऊस कायम हजर असतो! पण सर्दी होते व्हायरसने. 2015 साली अमेरिकेत एक अभ्यास आला, 164 धडधाकट माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस सोडलेला, तर सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांच्या वर झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी व्हायची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. हे वाचलं आणि माझा माज उतरला.

पण झोप वाढवली तरी जिना चढताना धाप लागायचीच. आधीच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलेलं, व्हायरल म्हणत म्हणत, आता व्हायरलला अँटिबायोटिकचा काय उपयोग ते मला तेव्हाही विचारायचं सुचलं नाही. हिमोग्लोबिन 12.1 आलं, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." मग दुसऱ्या मॅडमनी फेरिटिन करायला लावलं, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती ते, आणि ते आलं 9. पंधराच्या खाली म्हणजे साठा संपलाच. त्या म्हणाल्या, हिमोग्लोबिन शेवटी घसरतं, डब्यातलं पीठ संपत आलं तरी ताटात भाकरी दिसतेच की. एवढं पटकन मला कुणी समजावलं नव्हतं.

लोह जातं कुठं? पाळीत जातं, घामातून थोडं, पळताना तळपाय आपटून काही रक्तपेशी फुटतात त्यात थोडं. शिवाय दमवणारा व्यायाम झाला की पुढचे काही तास हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि आतडं लोह नीट घेत नाही. आणि नेमकं त्याच वेळी मी काय करायचे, तर पळून आले की कपभर कडक चहा आणि त्यासोबत पोहे, म्हणजे उरलंसुरलं लोह चहाने अडवलं. आता चहा खाण्याआधी किंवा नंतर तासभर सोडून, पोह्यावर लिंबू भरपूर, आणि गोळी मॅडमनी एक दिवसाआड दिलीय. तू मनाने सुरू करू नकोस हां, आधी रक्त तपास. बी-12, डी, थायरॉइड, शुगर पण बघून घे, आपण शाकाहारी माणसं, बी-12 बहुतेक कमीच निघणार.

आता खरी गोष्ट, जी तुला आवडणार नाही. तू खात नाहीस. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि उपासाच्या दिवशीपण दहा किलोमीटर! मीही तेच करायचे, वाटीभर साबुदाण्यावर घाट चढायचे आणि वजन उतरलं की खूश. पाळी दोन महिने पुढे गेली तर म्हटलं वय झालं. तसं नसतं गं, खर्च जास्त आणि आवक कमी असली की शरीर आधी पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांच्यावर कात्री चालवतं, पळायला मात्र देत राहतं. ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस नाव दिलं, आपल्याकडं याला "किती बारीक झालीस, भारी दिसतेस" म्हणतात. सासूबाईंना मी सरळ सांगितलं, पळायच्या दिवशी उपास नाही. दोन दिवस अबोला झाला, मग त्यांनीच शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरला.

आणि रोज जीव तोडून पळू नकोस. बोलत बोलत पळता आलं पाहिजे, आठवड्यातले बहुतेक दिवस तरी. सकाळी अंथरुणातच नाडी मोज, माझी 58 असते, त्या काळात 68-70 लागायची, म्हणजे शरीर थकलेलं होतं, आणि मी घड्याळ बिघडलं म्हणायचे! ताप असला किंवा छातीत कफ असला तर पळायचं अजिबात नाही, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी कणकण येतेय, वजन आपोआप उतरतंय असं असलं तर टीबीसाठी थुंकी तपासून घे, सरकारी दवाखान्यात फुकट होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझं फेरिटिन वर यायला पाच महिने लागले. आत्ता 41 आहे. परवा यवतेश्वरला न थांबता गेले, हळू, पण न थांबता.

उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये जा, शुगर त्यातच होऊन जाईल, आणि येताना लगेच काहीतरी खा. रिपोर्टचा फोटो पाठव, नुसतं "नॉर्मल आहे" असं कळवू नकोस, आकडे दिसले पाहिजेत. बरी झालीस की ये, अजिंक्यताऱ्यावर चालत जाऊ. येताना भडंग आण, तिखटातलं.

तुझीच,
विजू